जाहीर करण्यासारखं काही

कार्डावर चौकोन होते.
माती. बिया. मध. मांस. चिखल लागलेले बूट.
हुहानानं सगळे वाचले,
बाळ एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं
आणि 'होय'वर खूण केली.
नेमकी कशापुढे, ते तिलाही सांगता येईना.

काचेपलीकडून मी पाहत होतो.
निळ्या हातमोज्यांतली बाई डबा उघडत होती.
व्हॅनिला, दोन लिटर,
ब्रिस्बेनमधल्या कुठल्याशा दुकानाचा,
आत बर्फ, बर्फात फडकं,
फडक्यात ते.
"हे काय आहे?"
"फेनुआ," हुहाना म्हणाली.

आमच्यात जमिनीला हाच शब्द,
नि बाळामागून येणाऱ्या वारेलाही हाच.
दुसरा करावा असं कुणाला कधी वाटलं नाही.

बाई थोडा वेळ डब्याकडे, थोडा वेळ बाळाकडे
बघत राहिली.
मग झाकण लावलं, चारही कोपरे दाबून.
"लवकर जा," म्हणाली, "वितळतंय."

सहा तास गाडी चालवली.
डबा हुहानाच्या पायांशी, रेडिओवर रग्बी,
मागे टे पाएआ आत्या बाळाला सांगत होती
(बाळ झोपलेलं, ती सांगतच होती)
बाप आकाश, आई धरती,
एकमेकांना इतकी बिलगलेली
की मुलांना कूस वळायलाही जागा नाही,
काळोखात एकमेकांच्या गुडघ्यांत डोकी.
मग ताने उताणा झाला,
खांदे आईवर टेकले, पाय बापाला लावले
आणि रेटत राहिला,
झाड वाढतं तितक्या हळू.
"विलग होताना ओरडली असतील," हुहाना म्हणाली.
"असतील म्हणजे?" आत्या म्हणाली,
"तू नाही का ऐकलंस, गेल्या महिन्यात?"

दरीच्या तोंडाशी फाटक.
पिवळी पाटी : खासगी मालमत्ता. वृक्षतोड चालू.
आजोबांच्या आजोबांनी कर भरला नव्हता म्हणे,
किंवा भरला होता आणि पावती नव्हती,
किंवा पावती होती
आणि ती वाचणारा त्यांच्यातलाच होता.
आता तिथं पाइन, प्रार्थनेला उभ्या पोरांसारखे रांगेत,
अठ्ठावीस वर्षांनी कापायचे.

फाटकाची किल्ली माझ्या खिशात.
मीच कापतो ते. सोमवार ते शुक्रवार.

हे मी कुणाला बोललेलो नाही :
पहिल्या झाडाआधी रोज सकाळी
तानेची परवानगी मागतो,
यंत्र सुरू करून, म्हणजे पोरांना ऐकू जाऊ नये.
पाइन परमुलखातून आलेला.
तो तानेचं लेकरू की नाही, मला ठाऊक नाही.
पडताना मात्र घरच्यासारखाच पडतो.

सात नंबरच्या पट्ट्याच्या वर, जिथं यंत्र चढत नाही,
एक म्हातारा पुरीरी उरलाय.
त्याच्या मुळांशी माझी आहे,
हुहानाच्या आईची आहे.
हुहानाची नाही. ती शहरात झाली,
तिची इस्पितळाच्या भट्टीत गेली,
तेव्हा विचारायची पद्धत नव्हती.

मी फावडं घेतलं.
वर पाइनच्या सुया, उडून आलेल्या, आंबूस.
खाली काळी. त्याखाली
लाल, ओली, फावड्याला धरून बसणारी.
असल्याच मातीची पहिली बाई घडवली, म्हणतात,
नाकात फुंकर घातली,
आणि ती शिंकली.
माणसाचा पहिला आवाज तो. शिंक.

"मामा, खड्डा जरा मोठा खण."
"एवढ्याशासाठी?"
हुहाना काही बोलली नाही.
मी खणला.

फडकं उतरलं. आत्याचा सूर दरीत गेला
आणि कितीतरी वेळ परत आला नाही.
मग हुहाना गुडघ्यांवर बसली,
उरलेल्या जागेवर
रिकामी ओंजळ उलटी केली,
बोटांत काही अडकलं असावं
तशी दोनदा झटकली,
आणि माती ओढली.

खाली ओढ्यात आत्यानं डबा धुतला.
टाकू नकोस म्हणाली.
झाकण चांगलं बसतं.